टेबलावर मांडल्यासारखी गावे

छोट्या रेल्वेचा छंद असणारे लोक टेबलावर जे जग मांडतात, त्यात डोंगर, बोगदा, कमानींचा पूल, उंच मनोऱ्याचे चर्च आणि या सर्वांभोवती फिरणारी गाडी हे सारे हाताच्या अंतरावर असते. स्वित्झर्लंडच्या ज्या ग्राउब्युंडन प्रांतात मी सध्या राहतो, तेथे अशी गावे खरोखरच आहेत. ती इतकी सुबक का दिसतात, हे मात्र आपल्या कोकण रेल्वेशेजारी ठेवून पाहिल्यावरच नीट कळते.

सेंट मॉरित्झहून इटलीतील तिरानोला जाणारा बेर्निना रेल्वेमार्ग १९१० मध्ये पूर्ण झाला. २,२५३ मीटर उंचीवरच्या ओस्पित्सिओ बेर्निना स्थानकावरून ही लाल गाडी ४२९ मीटरवरील तिरानोपर्यंत उतरते, वाटेत ले प्रेझे गावात भर रस्त्यातून धावते आणि तिरानोत बॅसिलिका या मोठ्या चर्चसमोरचा चौक ओलांडून जाते. पण सगळ्यांत विलक्षण जागा म्हणजे ब्रूझिओ. तेथे नऊ कमानींचा दगडी पूल उघड्या कुरणात गोल वळतो. गाडी आधी त्यावरून जाते, मग पूर्ण वळसा घेऊन त्याच पुलाच्या एका कमानीखालून बाहेर पडते आणि वळण इतके आवळलेले असते की मागच्या डब्यातल्या माणसाला स्वतःच्याच गाडीचे तोंड खिडकीतून दिसते. चिपळूणहून आलेले माझे वडील ते वळण डोळे भरून पाहत होते. मग म्हणाले, “अरे, ही गाडी आपल्याकडे असती तर डोंगर फोडून सरळ नेली असती.”

त्यांचे म्हणणे अगदी बरोबर आहे. या मार्गावर दातेरी रूळ (ज्यात गाडीचे दातेरी चाक अडकून ती चढ चढते) नाहीत, तरीही काही ठिकाणी हजार मीटरला सत्तर मीटर इतका चढ आहे. त्याहून तीव्र चढ नको म्हणून ब्रूझिओत रूळ गोल फिरवून लांबी वाढवली, आणि रूळ मीटर गेजचे असल्यामुळे जेमतेम ७० मीटर त्रिज्येचे वळण त्यांना चालले. छोट्या रेल्वेची मांडणी करणाऱ्यापुढेही हीच अडचण असते: जागा थोडी आणि चढायचे फार. याच प्रांतातल्या अल्बुला रेल्वेमार्गावर बेर्ग्यून ते प्रेडा हे अंतर सरळ रेषेत पाचेक किलोमीटर, पण सुमारे ४०० मीटर उंची गाठण्यासाठी रूळ बारा किलोमीटरांहून अधिक धावतात, त्यामुळे गावाच्या वरच्या उतारांवर तीच गाडी पुन्हा पुन्हा दृष्टीस पडते. (हिवाळ्यात या दोन गावांमधला रस्ता वाहनांना बंद होतो; लोक घसरगाड्या घेऊन रेल्वेने वर जातात आणि त्याच रस्त्यावरून घसरत खाली येतात.)

कोकण रेल्वे ब्रॉडगेज आहे आणि वेगवान गाड्यांसाठी आखलेली आहे. तिचा चढ १५० मीटरला एक मीटर इतकाच ठेवला आहे आणि वळणांची त्रिज्या किमान १,२५० मीटर. अशी गाडी गावाभोवती गिरकी घेऊ शकत नाही. ती उक्षी आणि भोके यांच्यामधल्या साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात शिरते किंवा दरी थेट ओलांडते. रत्नागिरीजवळचा पनवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच आहे. इकडचा जगप्रसिद्ध लांडवासर पूल, जो १९०२ मध्ये बांधला गेला आणि वळत वळत थेट कड्यातल्या बोगद्यात घुसतो, तो ६५ मीटर उंच. फरक अवघ्या एका मीटरचा!

तरीही लांडवासर पाहण्यासाठी पायवाटा आणि बघण्याच्या खास जागा केलेल्या आहेत, तर आपला पनवलचा पूल बहुतेकांनी फक्त गाडीत बसून ओलांडलेला असतो, म्हणजे पूल सोडून बाकी सगळे पाहिलेले असते. याचे मला मनापासून वाईट वाटते. सरळ मार्ग निवडला की दृश्य हरवते, हे येथेही घडले आहे. आल्प्स ओलांडणाऱ्या गोटहार्डच्या जुन्या रेल्वेमार्गावर वासेन गावाचे चर्च तीन वेगवेगळ्या उंचींवरून तीनदा दिसते. २०१६ मध्ये ५७ किलोमीटरचा नवा बोगदा सुरू झाल्यापासून वेगवान गाड्या बहुतेक त्यातूनच जातात. जुन्या मार्गावर मात्र गाड्या आजही चालतात आणि त्या मुद्दाम पकडणारे प्रवासीही आहेत.

इकडे येणार असाल तर बेर्निनाच्या साध्या गाडीने जावे. रूळ तेच आहेत आणि पर्यटकांच्या एक्स्प्रेसप्रमाणे आसन राखून ठेवावे लागत नाही. आणि ज्यांचे गाव पनवल पुलाच्या परिसरात आहे, त्यांनी तो खालून किंवा सड्यावरून कोठून पूर्ण दिसतो ते कृपया कळवावे. मे महिन्यात गावी आलो की वडिलांना घेऊन तेथे जायचे आहे.