हुंवार येण्याआधी

२३ जुलै २०२१, शुक्रवार. गोठ्यातली म्हैस ओरडायला लागली म्हणून पहाटे उठले, तर पाय पाण्यात. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली आमची म्हादई नदी कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, ओलांडून आमच्या खळ्यात आली होती. सासऱ्यांनी आधी दावी कापली, मग मुलांना उचललं. माणसं वाचली, दोन वासरं गेली. खालच्या अंगाची दोन मातीची घरं डोळ्यांदेखत बसली.

पुराला आमच्याकडे हुंवार म्हणतात. सासरे १९८२ च्या हुंवाराबद्दल नेहमी सांगायचे, पाणी कुठवर आलं होतं तेही सांगायचे. पण तेव्हाची खूण गावात कुठेच नव्हती, सगळं त्यांच्या पिढीच्या आठवणीत. मला तेच खुपलं. वेधशाळेचा इशारा येतो तो अख्ख्या जिल्ह्यासाठी. त्यावरून आमच्या वाड्यावरच्या कोणत्या घरात पाणी शिरणार हे कसं कळावं?

भिंतींवरचे चिखलाचे डाग धुऊन जायच्या आत आमच्या स्वयंसाहाय्य गटातल्या पाचजणी लाल ऑइलपेंट घेऊन, पाणी जिथवर चढलं तिथे रेघ मारत घरोघर फिरलो. काहींनी नको म्हटलं, घरात लग्न होतं. त्यांच्या गोठ्याच्या भिंतीवर रेघ मारली.

पुढच्या पावसाळ्यात नदीच्या पायऱ्यांना आकडे घातले. शाळेतली मुलं सकाळ-संध्याकाळ वहीत लिहायची: कितवी पायरी बुडाली, पाण्याचा रंग कसा, तालुक्याच्या गावी वाळपईला किती इंच पाऊस पडला. वरच्या गावातल्या माझ्या नणंदेला फोन करून तिथली पातळी विचारायचो. दोन पावसाळ्यांत अंदाज बसला. आमच्याकडे ऊन असलं तरी घाटात कोसळत असेल तर नदी तांबडी होते, आणि नणंदेच्या गावचा साकव बुडाल्यावर दोन-अडीच तासांनी आमची पाचवी पायरी जाते. समुद्राच्या भरतीचा जोर नदीकाठच्या गांजे गावापर्यंत पोचतो आणि आमचा वाडा तिथून लांब नाही. २०२१ च्या पुराच्या दुसऱ्याच दिवशी गुरुपौर्णिमा होती, म्हणजे उधाणाची भरती. पाणी उतरायला एवढा वेळ का लागला, याचं निम्मं उत्तर मला त्यात दिसतं. म्हणून आता वहीत तिथीही लिहितो.

ग्रामसभेत विषय यायला मात्र तीन रविवार गेले. दोनदा गटाराच्या भांडणातच सभा संपली. तिसऱ्यांदा मी वहीच पुढे ठेवली. ठराव झाला: शाळेची चावी एका नव्हे, दोन घरांत राहील, पाचवी पायरी गेली की गुरं माळावर न्यायची, अंथरुणाला खिळलेल्या माणसांची यादी दर मे महिन्यात नवी करायची आणि प्रत्येकाला उचलणारे दोघे आधीच ठरवायचे.

२०२४ च्या जुलैत कस लागला. ८ तारखेला गोव्यातल्या शाळांना सुट्टी होती. आदल्या रात्रीच नणंदेचा फोन आला आणि आम्ही गुरं हलवली, सहा म्हातारी माणसं शाळेत नेली. पाणी लाल रेघेच्या बरंच खाली थांबलं. सकाळी काहीजण चिडले, उगाच रात्र जागवली म्हणाले. मला तसं वाटत नाही. दहादा उगाच हलू, पण तशी पहाट पुन्हा नको.

एक गाठ अजून सुटलेली नाही. २०२१ नंतर पंचनाम्याला आलेल्यांनी एक-चौदाचा, म्हणजे जमीन कोणाच्या नावे ते दाखवणारा उतारा मागितला. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कसतो ती जमीन उताऱ्यावर दुसऱ्याच्या नावे. सत्तरीतल्या कितीतरी घरांची हीच कथा. पोफळी आमच्या हातच्या, पण भरपाई मागायला आमच्याकडे कागद नाही. नदीला अगदी लागून असलेल्या घरातली आजी त्यामुळेच हलत नाही. २०२४ च्या त्या रात्रीही ती आली नाही. म्हणाली, "बाय, मी दार ओढून गेले नि कोणी आत शिरला, तर हे घर माझं म्हणून कोण सांगेल?"

तिच्यापुढे माझी वही काय कामाची? पण मी वाड्यावरच्या चौघांच्या सह्यांनी एक कागद केला आहे: ही आजी इथे लग्न होऊन आल्यापासून राहते, हे आम्ही पाहिलं आहे. कायद्यात त्याला किती वजन, ते वकिलाला विचारायला पुढच्या आठवड्यात वाळपईला जाते आहे. आजीही सोबत येते म्हणाली आहे.