ड्रॅग शोला पहिल्यांदा जाताय? मग भुवईपासून सुरुवात करा

पहिल्यांदा ड्रॅग शोला निघालेल्या माणसाच्या मनात बहुधा एकच धाकधूक असते: आपलं काही चुकणार तर नाही? ड्रॅग म्हणजे रंगमंचासाठी बाईचं किंवा पुरुषाचं ठसठशीत रूप घेऊन केलेला कार्यक्रम; बाईच्या रूपातला कलाकार ‘क्वीन’, पुरुषाच्या रूपातला ‘किंग’. खरं सांगायचं तर, हा साज उभा कसा राहतो हे एकदा कळलं की तिथले बहुतेक नियम आपोआप कळतात.

भुवईच घ्या. स्वतःची भुवई लपवल्याशिवाय तिच्या वर दुसरी काढता येत नाही, आणि भुवई उंच गेल्याशिवाय पापणीवर रंगाला जागा मिळत नाही. लपवायला वापरतात ती शाळेच्या दप्तरातली साधी ग्लू स्टिक, पाण्याने धुतली जाणारी. आधी भुवई स्पिरिटने पुसून तेलकटपणा घालवायचा. मग कांडी केसांच्या उलट दिशेने फिरवायची, म्हणजे गोंद मुळापर्यंत जातो. लगेच छोट्या ब्रशने केस वरच्या बाजूला विंचरून कातडीला सपाट चिकटवायचे. वाळू द्यायचं. असे ३ ते ४ पातळ थर. त्यावर पावडर दाबून बसवायची, घासायची नाही. केस काळे असतील तर खालून करडी छटा डोकावते, ती मारायला नारिंगी करेक्टर, म्हणजे नको असलेली छटा झाकणारं क्रीम. मग जाड फाउंडेशन आणि पुन्हा पावडर.

घाई इथेच नडते. थर ओला असताना फाउंडेशन लावलं की गोंद गोळा होऊन येतो. कातडी तेलकट राहिली तर दिव्यांच्या उष्णतेत, घामाने, कडेचे केस एकेक करून उभे राहतात. पूर्ण चेहऱ्याला २ ते ३ तास सहज जातात. म्हणून कितीही प्रेम दाटून आलं तरी गालाला गाल लावू नका, कपाळाला हात लावू नका.

विगचंही तसंच. चांगल्या विगला कपाळाच्या कडेला बारीक जाळी असते, तिच्यात केस एकेक करून गाठवलेले असतात आणि ती जाळी कातडीला चिकटवलेली असते. मागे पिनांचा पहारा. मान झटकून केस उडवायचे तर त्या पिना लागतातच. बघणाऱ्याने ‘खरे आहेत का?’ म्हणून ओढून पाहिलं तर जाळी फाटते. ती दुरुस्त करणं फार जिकिरीचं.

कमरेखालचा डौल बहुतेकदा फोमचा असतो, सोफ्याच्या गादीत असतो तसला. मोठ्या थेंबाच्या आकाराचे दोन तुकडे कापतात, एकमेकांची आरशातली प्रतिमा असावी असे, आणि कडा कागदासारख्या होईपर्यंत तासतात. कड जाड राहिली की कपड्यांतून रेघ दिसते आणि सगळी मेहनत वाया जाते. सर्वांत फुगीर भाग कंबरेच्या हाडावर नाही, त्याच्या खाली हवा. नाहीतर खोगीर बांधल्यासारखं दिसतं. वरून टाइट्सचे ३-४ थर. त्यावर कॉर्सेट, म्हणजे कंबर आवळणारी घट्ट चोळी, असेल तर श्वास निम्म्यावर येतो. फोटो काढताना कंबरेला विळखा घालायचा नाही तो यासाठी. विचारा, शेजारी उभे राहा.

लिपसिंक, म्हणजे वाजत असलेल्या गाण्यावर आपणच गातोय असं दाखवणं. ते नुसते ओठ हलवणं आहे असं समजणाऱ्यांनी प, ब, भ, म या अक्षरांवर नजर ठेवावी. इथे ओठ मिटावेच लागतात, आणि पाठांतर कच्चं असेल तर ते इथेच उघडं पडतं. त्याहून अवघड श्वास. ओळ सुरू होण्याआधी गायिकेने घेतलेला श्वासही कलाकाराच्या छातीत दिसला पाहिजे. माझ्या मते सगळ्या शोमध्ये बघण्यासारखं हेच आहे, आणि पहिल्यांदा येणाऱ्याच्या नजरेतून नेमकं हेच निसटतं. सगळेच लिपसिंक करतात असंही नाही. काही स्वतः गातात, काही निव्वळ विनोदावर रंगमंच पेलतात.

ड्रॅग किंग असेल तर जबडा चौकोनी दिसेल अशी सावली भरतात, बारीक कापलेले केस चिकटवून दाढी करतात. छाती दाबायला त्यासाठीच शिवलेला बाइंडर वापरतात. इलॅस्टिक बँडेज कधीच नाही. ते हालचालीबरोबर आवळत जातं आणि फासळ्यांना इजा होते.

मराठीत एक वेगळी अडचण आहे: क्रियापद तोंडातून निघताच लिंग ठरून जातं. ‘छान नाचलीस’ की ‘छान नाचलास’? साजात असलेल्या क्वीनला बहुधा ‘ती’ म्हणतात, किंगला ‘तो’. सूत्रसंचालक काय म्हणतात ते ऐका, शंका असेल तर सरळ विचारा. साज उतरल्यावर तो माणूस कोण आहे, हे ड्रॅगवरून ओळखता येत नाही. तो अंदाज बांधूच नका.

बसायचं कुठे? पुढच्या रांगेत बसलात तर थट्टा होणार हे धरून चला. नको असेल तर कडेला, मागे बसा. वाटेत पाय किंवा बॅग नको आणि रंगमंचाच्या कडेवर ग्लास तर मुळीच नको. १५ सेंटिमीटरच्या टाचेला सांडलेल्या पेयाचे चार थेंबही पुरतात. फ्लॅश बंद ठेवा. अंधारात गिरकी घेताना डोळे दिपले तर पाय चुकतो. जिथे कलाकाराला बक्षीस म्हणून नोटा द्यायची रीत आहे तिथे सुट्या नोटा आधीच काढून ठेवा आणि हात पुढे करून धरा, कलाकार येऊन घेईल. आपण होऊन कपड्यात खोचायची नाही. आणि आवाज करा! ड्रॅगला प्रेक्षकांची शांतता मानवत नाही. गाणं संपेपर्यंत टाळ्या राखून ठेवायची गरज नाही.

शो संपल्यावर भेटायचं असेल तर थोडं थांबा. चिकटवलेल्या नकली पापण्या काढायच्या असतात, तेलकट क्लीन्झरने रंगाचे थर उतरवायचे असतात, आणि भुवईवरचा गोंद कोमट पाण्याने भिजवून सोडवायचा असतो. ओढून काढला तर केसही त्याच्याबरोबर येतात.