जर्मनीत लाकडाची शेगडी घ्यायची? आधी धुराडं बघा

आमच्या दिवाणखान्यातल्या शेगडीचा फोटो बघून ओळखीतले बरेच जण विचारतात की कुठली कंपनी, किती किलोवॅट, कितीला पडली. हे तिन्ही प्रश्न नंतरचे आहेत हो. इथे शेगडी तुम्ही निवडत नाही, तुमचं धुराडं निवडतं, आणि धुराड्याच्या वतीने बोलतो शोर्नश्टाइनफेगर, म्हणजे काळ्या कपड्यातला तो चिमणीवाला. नववर्षाच्या कार्डांवर शुभशकुन म्हणून त्याचं चित्र असतं, पण प्रत्यक्षात तो कायद्याचा माणूस. प्रत्येक भागाला एक अधिकृत चिमणीवाला नेमलेला असतो आणि त्याने येऊन तपासून सही केल्याशिवाय नवीन शेगडीत काडी लावायची नाही. धुराडं साफ करायला 2013 पासून दुसरा कुणीही परवानाधारक बोलावता येतो, पण ही मंजुरी मात्र तुमच्या भागातल्याच माणसाची लागते. म्हणून दुकानात जायच्या आधी त्याला फोन करा, दुकानदार काहीही म्हणू दे.

आमचं घर श्टुटगार्टच्या दक्षिणेला, श्वेबिश आल्ब या डोंगररांगेच्या पायथ्याच्या गावात, 1970 च्या दशकातलं, तळघरात तेलाचा बॉयलर आणि भिंतीतून वर जाणारं विटांचं एक रिकामं धुराडं, ज्यावर आधीच्या मालकांची कोळशाची शेगडी होती. तेल महाग होतच चाललंय, वर सरकारने लावलेला कार्बनचा आकार आहे, 2021 ला कार्बन डायऑक्साइडच्या टनाला 25 युरो होता तो 2025 ला 55 झाला. तर तेल कमी जाळायचं, आणि बॉयलर कधी बंद पडलाच तर एक खोली तरी गरम राहावी, एवढाच हेतू होता.

नवऱ्याला पेलेट हवं होतं. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या 6 मिलिमीटर जाडीच्या कांड्या, 15 किलोच्या पिशव्यांत येतात, वरच्या टाकीत ओतायच्या, टायमर लावायचा आणि ऑफिसातून येईपर्यंत घर गरम. किलोमागे साधारण 5 किलोवॅट-तास उष्णता, म्हणजे दोन किलो पेलेटला जवळपास एक लिटर तेल, हिशोब सोपा. पिशवीवर ईएनप्लस ए1 हा दर्जाचा शिक्का बघून घ्यायचं म्हणजे राख कमी आणि ओल 10 टक्क्यांच्या आत. हे सगळं खरंय. पण एका सहकाऱ्याकडे आम्ही संध्याकाळभर त्याच्या पेलेट शेगडीसमोर बसलो आणि माझं मत तिथेच ठरलं. पंखा सतत घूं करतो, आतला स्क्रू मधूनच खर्रर्र करून कांड्या पुढे ढकलतो, आणि ज्वाळा अशी की कुणीतरी खालून फुंकर मारतंय. शिवाय ती विजेवर चालते, पेटवायलाही वीज आणि पंख्यालाही वीज, म्हणजे लाइट गेली की शेगडीही गेली. मग बॅकअप कसला? आणि स्वस्त असतात म्हणावं तर 2021 च्या उन्हाळ्यात टनाला अडीचशे युरोच्या आत असलेली पेलेट 2022 च्या सप्टेंबरमध्ये 700 च्या वर गेली होती, नंतर खाली आली ते सोडा.

तरी मी पेलेटला नावं ठेवत नाही. दिवसभर घरी कुणी नसेल आणि शेगडीवरच घर तापवायचं असेल तर पेलेटच घ्या, लाकडाच्या शेगडीला दर तासाभराने कुणीतरी घालणारं लागतं.

आता धुराडं. चिमणीवाल्याने वरून कॅमेरा सोडला आणि म्हणाला वीट ठीक आहे पण भोक फार मोठं. पेलेटचा धूर तसाही थंड असतो, एवढ्या रुंद धुराड्यात तो वर जाताजाताच गार होणार, आतल्या भिंतीवर पाणी धरणार आणि वर्ष-दोन वर्षांत विटांतून तपकिरी डाग दिवाणखान्यात उतरणार. त्याला उपाय म्हणजे आतून स्टीलचा पाईप घालायचा. लाकडाच्या शेगडीचा धूर जास्त गरम, तिला जरा मोठा पाईप चालतो, पण पाईप तिलाही लागलाच. किती व्यासाचा ते अंदाजाने ठरत नाही, शेगडीचे आकडे, धुराड्याची उंची सगळं घालून गणित करावं लागतं, आणि म्हणूनच मॉडेल ठरल्याशिवाय पाईप नाही आणि पाईप जमतो का ते कळल्याशिवाय मॉडेल नाही, असा घोळ महिनाभर चालला. आई फोनवर म्हणाली, "अगं, एका शेगडीला एवढं काय, आपल्या बंबाला कुणी गणित केलं होतं?" खरं तर बंबाच्या मधली नळीसुद्धा हेच काम करते, उंच नळी, गरम धूर, खालून हवा ओढली जाते. फक्त बंब परसात असायचा आणि इथे सगळं माझ्या सोफ्यापाशी आहे.

ज्यांच्याकडे जुनं धुराडं नाही आणि नवीन उभारायचंय त्यांनी आणखी एक नियम बघावा. 1 जानेवारी 2022 पासून नव्या धुराड्याचं तोंड आढ्याजवळ आणि आढ्यापेक्षा किमान 40 सेंटीमीटर वर लागतं, बाहेरच्या भिंतीला खालीच कुठेतरी पाईप लावून भागत नाही. शेजाऱ्यांच्या खिडकीत धूर जाऊ नये म्हणून हे आहे, आणि मला ते पटतं.

कितीची घ्यावी? दुकानात 8 किलोवॅट गळ्यात मारायला बघतात. 30 चौरस मीटरच्या खोलीला, जुन्या घरातसुद्धा, 3-4 किलोवॅट पुरतात. मोठी घेतली की उकडतं, मग लोक हवा बंद करून आग दाबतात, आणि दाबलेली आग म्हणजे काळी काच, काजळी आणि धूर. आम्ही शेवटी लाकडाचीच, 5 किलोवॅटची घेतली आणि जिन्याचं दार उघडं ठेवतो, वरची खोलीही निघते त्यात. जुनी शेगडी फुकट किंवा स्वस्तात मिळत असेल तर मागची पाटी वाचा, कारण 1995 ते मार्च 2010 दरम्यान बसवलेल्या शेगड्यांची मुदत 2024 च्या शेवटी संपली, धुराची ठरलेली मर्यादा पाळत असल्याचा कागद नसेल तर ती सुधारून तरी घ्यायची नाहीतर काढायची. नव्यांना मर्यादा आणखी कडक, घनमीटर धुरात 0.04 ग्रॅम धूळ.

आणि आता ज्याबद्दल मला कुणीच आधी सांगितलं नव्हतं ते, स्वयंपाकघरातला हूड, म्हणजे चुलीवरची वाफ-धूर ओढणारा पंखा. आपल्याकडे मिरचीची फोडणी म्हणजे हूड फुल. तो तासाला शेकडो घनमीटर हवा बाहेर फेकतो, घर जर बंदिस्त असेल, नवीन खिडक्यांची असेल, तर ती हवा येणार कुठून? शेगडीच्या धुराड्यातूनच उलटी. धूर आणि त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड घरात, ज्याला वास नाही. म्हणून खिडकीला एक स्विच लावावा लागतो, खिडकी उघडी असेल तरच हूड चालू होतो. बाहेर उणे पाच, आत खिडकी उघडी टाकून मी वांग्याला फोडणी देतेय असा आमचा जानेवारी. दुसरा पर्याय म्हणजे हवा बाहेर न फेकता गाळून परत आत सोडणारा हूड, पण तो आपल्या मसाल्यापुढे अगदीच बिचारा. तेव्हा दिवाणखाना आणि स्वयंपाकघर एकत्र असेल तर हे सगळ्यात आधी विचारा, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म स्विच असला तरी लावाच.

शेगडी बसवायला फारसा वेळ लागला नाही. खाली लाकडी जमीन असल्याने काचेचा तक्ता, दारापुढे 50 आणि बाजूंना 30 सेंटीमीटर, आणि पडदा-सोफा शेगडीच्या पाटीवर लिहिलेल्या अंतराबाहेर. मग चिमणीवाले साहेब आले, आरसा घालून बघितलं, सही केली.

लाकूड विकत घेताना मात्र डोकं ठिकाणावर ठेवा. इथे घनमीटर दोन प्रकारचे आहेत. रचलेला घनमीटर म्हणजे त्यात साधारण 0.7 घनमीटर खरं लाकूड, बाकी फटी. आणि ट्रॉलीतून नुसता ओतलेला, त्यात जेमतेम अर्धं. जाहिरातीत "मीटर" एवढंच असतं आणि भाव बघून आपण खूश. बीच झाडाचं लाकूड स्प्रूस या सूचिपर्णी झाडापेक्षा जड, रचलेल्या घनमीटरला 2000 किलोवॅट-तासांच्या आसपास देतं, स्प्रूस दीड हजारच्या आसपास, पण चटकन पेटतं म्हणून थोडं तेही ठेवावं. "कोरडं" म्हणून विकलेलं लाकूड मी फोडून आतल्या ताज्या बाजूला ओलावामापक टोचून बघते, बाहेरून टोचण्यात अर्थ नाही. कायद्याने 25 टक्के चालतं, मला 20 च्या आतलं हवं असतं. पहिल्या वर्षी आलेल्यातलं निम्मं चक्क तीसच्या वर होतं, ते शेडखाली वरून झाकून आणि बाजू उघड्या ठेवून रचून टाकलं, ते आत्ता कुठे जाळण्यासारखं होतंय.

पेटवणंही उलटं. मोठे ओंडके खाली, त्यावर बारीक ढलप्या, आणि काडी सगळ्यात वर. आईला हे काही केल्या पटेना, गेल्या वर्षी आली होती तेव्हा तिने खाली कागद घालून पेटवलीच, धूर बघून स्वतःच म्हणाली उद्यापासून तुझ्या पद्धतीने. वरून पेटवलं की निघणारा वायू ज्वाळेतून जातो आणि जळतो, म्हणून धूर कमी.

आता धुळीबद्दल. कितीही नवी असली तरी लाकडाची शेगडी सूक्ष्म धूळ सोडतेच. श्टुटगार्ट शहरात 2017 पासून काही वर्षं धुळीच्या अलार्मच्या दिवशी अशा हौशी, म्हणजे घर दुसऱ्या हीटिंगवर तापत असताना वर लावलेल्या शेगड्या पेटवायला बंदी होती, आणि दरीत वसलेल्या शहरात ती योग्यच होती. फ्लॅटमध्ये राहता, सेंट्रल हीटिंग नीट चालतं, फक्त ज्वाळा बघायला छान वाटतं म्हणून घेणार असाल तर माझं मत असं की शेगडी घेऊच नका. आमच्याकडे मोकळं गाव, लाकूड दोन गावं पलीकडच्या जंगलातलं, आणि तेल खरंच कमी जातं.

राखेसाठी झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या, निखारे दुसऱ्या दिवशीही जिवंत असतात, प्लास्टिकच्या कचरापेटीत टाकू नका. आणि यंदाचं लाकूड अजून मागवलं नसेल तर उन्हाळ्यातच मागवा, ऑक्टोबरात फोन केलात तर आधी भाव ऐकावा लागतो आणि मग वेटिंग लिस्ट.