कारागृहाच्या नोकरीत लागणारे इंग्रजी

सांगलीच्या विश्रामबाग परिसरात इंग्रजी संभाषणाच्या वर्गांचे जे फलक दिसतात, त्यांपैकी बहुतेकांवर ‘फाडफाड इंग्रजी बोला’ हेच आश्वासन असते. एखाद्या कंपनीतील मुलाखतीसाठी ते पुरतही असेल. परंतु निवृत्तीनंतर मी इंग्रजी शिकवतो, आणि तुरुंगाधिकारी म्हणून निवड झालेली जी मुले-मुली माझ्याकडे शिकायला येतात, त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगतो, की तुमच्या खात्यात इंग्रजी बोलण्याचे प्रसंग मोजके येतील, लिहिण्याचे मात्र वारंवार येतील. आणि तुम्ही लिहिलेले वाचणाऱ्याने तुमचे कारागृह बहुधा कधीच पाहिलेले नसेल.

सांगलीचे जिल्हा कारागृह गावाच्या ऐन मध्यावर, गणेशदुर्गात आहे. जुलै १९४३ मध्ये वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार याच तुरुंगातून तट ओलांडून निसटले, हे इथे कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही. आतला रोजचा कारभार मराठीतच चालतो. बंद्यांची मोजणी, नातेवाइकांच्या मुलाखती, शिध्याचा हिशेब, अभिवचन रजेचे (पॅरोल) आणि संचित रजेचे (फर्लो) अर्ज यांपैकी कशालाही इंग्रजी लागत नाही, आणि लागूही नये असे माझे मत आहे. प्रकरण वर गेले की मात्र चित्र बदलते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे फिरते खंडपीठ, सुरू झाले आणि सांगली, सातारा हे जिल्हे त्याच्या कक्षेत आले. त्यामुळे मुंबईच्या खेपा वाचल्या, पण तिथे द्यायच्या प्रतिज्ञापत्राची भाषा इंग्रजीच राहिली. कोठडीतील मृत्यूची खबर राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला २४ तासांच्या आत द्यावी लागते. अशा वेळी शब्दकोश उघडून बसायला कोणाला सवड नसते.

घटनेचा अहवाल हा या शिक्षणाचा गाभा आहे, आणि मुले अडतात तीही इथेच. त्याचे कारण व्याकरणाच्या कच्चेपणापेक्षा आपल्या कार्यालयीन मराठीच्या वळणात अधिक आहे. ‘असे निदर्शनास आले’, ‘समज देण्यात आली’, ‘बळाचा वापर करण्यात आला’ अशी वाक्ये लिहिण्याची एकदा सवय लागली, की कोणी पाहिले, कोणी समज दिली आणि कोणी हात उगारला हे सगळे त्या ‘आले’-‘आली’मध्ये विरून जाते. हीच वाक्ये इंग्रजीत ‘इट वॉज नोटिस्ड दॅट’ होऊन उतरतात, आणि न्यायालयातला पहिलाच प्रश्न येतो, की पाहिले कोणी? म्हणून मी प्रत्येक वाक्याला कर्ता मागतो. जे स्वतः पाहिले ते ‘आय सॉ’ म्हणून लिहायचे, शिपायाने सांगितले ते ‘द गार्ड टोल्ड मी’ म्हणून लिहायचे, आणि दोहोंची सरमिसळ करायची नाही. वेळ आणि जागा आधी यावी, बंदी कसा वागला याविषयीचे विशेषण शक्यतो येऊच नये.

यासाठी मी मुलांना हळदीच्या हंगामात मार्केट यार्डात पाठवतो. सौद्याच्या गडबडीत टेम्पोवाला आणि हमाल यांची कुठे ना कुठे बाचाबाची होतेच. ती पाहून एका पानाचा इंग्रजी अहवाल लिहायचा, एवढाच गृहपाठ असतो. मागे एका मुलीने लिहून आणले, की ड्रायव्हर दारू प्यायला होता. मी विचारले, “वास आला का तुला?” ती म्हणाली, “नाही सर, लांब होते मी. पण डोळे लाल होते बघा त्याचे.” मग तिने तेवढेच लिहिले, की डोळे लाल होते आणि तो टेम्पोच्या फाळक्याला धरून उभा होता. हळदीच्या धुरळ्यात यार्डातल्या निम्म्या लोकांचे डोळे लाल असतात, ही गोष्ट वेगळी. कारागृहात ‘नशेत होता’ किंवा ‘वेडसर आहे’ असे लिहिणे म्हणजे डॉक्टरांचे काम आपल्याकडे घेणे होय, आणि असा एक शब्द पुढे वर्षानुवर्षे त्या बंद्याच्या कागदांबरोबर फिरत राहतो.

बोलण्याचा भाग त्या मानाने थोडा आहे. खरे सांगायचे तर सांगलीत मुलाखतीच्या खिडकीशी इंग्रजीपेक्षा कानडी अधिक उपयोगी पडावी, कारण जत भागातली आणि सीमेपलीकडची माणसे येतात. कुपवाडच्या कारखान्यांत आलेल्या परप्रांतीय कामगाराशी हिंदीत भागते. परदेशी बंदी आला की इंग्रजी लागते. आपल्या दूतावासाला कळवण्याचा त्याचा अधिकार १९६३ च्या व्हिएन्ना कराराने मान्य केला आहे, आणि तो त्याला समजेल असा सांगणे हे अधिकाऱ्याचे काम आहे. इथे भाषण नको. एका वाक्यात एकच सूचना द्यावी, सूर चढू देऊ नये, आणि त्याला काय समजले ते त्याच्याच तोंडून वदवून घ्यावे, कारण मान डोलावणे हे समजल्याचे लक्षण नव्हे. कैद्यांच्या वागणुकीविषयी संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांत कर्मचाऱ्यांना वाटाघाटीने तणाव निवळवण्याचे प्रशिक्षण द्यावे असे म्हटले आहे. माझ्या मते त्याचा आरंभ आवाजापासून होतो, शब्दसंग्रह नंतर येतो.

शेवटच्या काही तासिका मी ई-मेलसाठी राखून ठेवतो. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृह अधीक्षकांकडे पाठवावी आणि सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी दिले आहेत. पण आदेशात आडनावाची इंग्रजी अक्षरे एक आणि वॉरंटमध्ये दुसरी असली, तर खुलासा मागवावा लागतो, आणि तो येईपर्यंत माणूस आतच राहतो. त्या पत्रात खटल्याचा क्रमांक, दोन्ही कागदांवरील नाव जसेच्या तसे, वडिलांचे नाव, आणि कोणती अक्षरे बरोबर ते किती वाजेपर्यंत कळवावे, एवढेच हवे. हे चार ओळींत बसते. त्याऐवजी ‘काइंडली डू द नीडफुल’ लिहून पाठवले, तर नेमके काय करायचे हे विचारण्यासाठी न्यायालयातल्या लिपिकाला उलट फोन करावा लागतो, आणि तोवर कचेरी बंद होण्याची वेळ झालेली असते.