पहिली फेरी

कड्यावरच्या गणपतीच्या पाखाडीवर, म्हणजे चिऱ्याच्या पायऱ्यांच्या वाटेवर, मी पडलो, तेव्हा माझ्या एका हातात छत्री होती, दुसऱ्यात मोबाइल आणि पायात मुंबईहून आणलेले नवेकोरे बूट. यातला मोबाइल तेवढा वाचला. छत्रीच्या काड्या झाल्या, एका बुटाचा तळ उचकटला आणि उजवं मनगट गेलं. आषाढातली गोष्ट. तालुक्याला जाऊन प्लास्टर घालून आलो आणि सहा आठवडे आंजर्ल्याच्या घरी, ओटीवरच्या झोपाळ्यावर, आईच्या ताब्यात.

बघायला माणसांची रीघ लागली. पण हात बघायला कोणी आलं नव्हतं, सगळे माझी चूक सांगायला आले होते. शेवाळावर टाच टेकायची नसते. चिऱ्याच्या मधोमध पाय द्यायचा नसतो, कडेला गवत असतं तिथे द्यायचा. आणि मुळात बूट घालून पाखाडी उतरतं का कोणी? शेजारचे भाऊ तेवढे गप्प होते. वय सत्तरीपुढचं, पण भर पावसात डोक्यावर नारळांचं पोतं घेऊन अनवाणी उतरतात. शेवटी मीच विचारलं, "भाऊ, तुम्ही कसे हो पडत नाही?" पानाला चुना लावता लावता त्यांनी खरंच विचार केला. मग म्हणाले, "आता त्यात काय सांगायचां? उतरायचां."

घसरण्याला आपल्या भाषेत अब्रू नाही. रुपया घसरतो, जीभ घसरते, माणूस घसरला म्हटलं की पुढचं कोणी विचारतही नाही. एकटी घसरगुंडी काय ती सुटली, तीही पोरांची म्हणून. लहानपणी आम्ही पोफळीची विरी गळून पडायची वाट बघत असू. तिच्या रुंद, गुळगुळीत बुंध्यावर एकानं बसायचं, दुसऱ्यानं शेंडा धरून आगरातून ओढत न्यायचं. वळणावर विरी जाईल तिकडे आपण जायचं. बहुतेक वेळा पाटात.

डाव्या अंगठ्यानं मोबाइल चाळताना एका दुपारी स्कीइंगची एक जुनी शर्यत लागली. बर्फाचा उभा उतार, त्यात रोवलेल्या काठ्या आणि त्यांच्यामधून सळसळत खाली येणारा एक माणूस. वरचं अंग जवळजवळ स्थिर, खाली गुडघे तेवढे इकडून तिकडे. हातात भरलेला पेला दिला असता तरी सांडला नसता. इंगेमार स्टेनमार्क. स्वीडनचा. त्या दिवसापासून प्लास्टर निघेपर्यंत मी त्याच्याखेरीज दुसरं फारसं काही पाहिलं नाही.

याचा जन्म 1956 चा. स्वीडनच्या उत्तरेला, नॉर्वेच्या सीमेजवळ टेर्नाबी नावाचं चिमुकलं गाव आहे, तिथे तो वाढला. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या वाडीएवढं गाव, फक्त पावसाच्या जागी बर्फ. 1974 च्या डिसेंबरात, अठराव्या वर्षी, विश्वचषक मालिकेतली पहिली शर्यत जिंकला आणि 1989 च्या फेब्रुवारीत शेवटची. मधल्या काळात मिळून 86. त्यातल्या 40 स्लॅलमच्या आणि 46 जायंट स्लॅलमच्या. स्लॅलममध्ये काठ्या जवळजवळ आणि वळणं आखूड. जायंट स्लॅलममध्ये त्या लांब लांब, त्यामुळे वेग जास्त. नाकासमोर तुफान वेगानं खाली जायची डाउनहिल नावाची तिसरी एक तऱ्हा असते, तिच्या वाट्याला तो जात नसे. 1981 साली एकदा किट्झब्युहेलच्या त्या कुप्रसिद्ध उतारावर उतरला, तोही डाउनहिल आणि स्लॅलमचे मिळून जे एकत्रित गुण धरतात त्यांच्या सोयीसाठी, आणि पार मागे राहिला. पण धड खाली पोचला. मला हे फार आवडलं. आपला उतार कोणता हे कळलेली माणसं कमी असतात.

या खेळात निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागात लागतात. 1979 मध्ये तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या यास्ना इथे जायंट स्लॅलममध्ये त्यानं दुसऱ्या नंबरवाल्याला 4.06 सेकंदांनी मागे टाकलं. चार सेकंद! आईला शिंक यायला याहून जास्त वेळ लागतो. पण तिथे चार सेकंदांत निम्मी यादी बसते. त्या मोसमातल्या जायंट स्लॅलमच्या दहाच्या दहा शर्यती त्यानं जिंकल्या. तरी सर्व प्रकारांचा मिळून जो मोठा करंडक असतो, तो एका स्विस माणसाकडे गेला. आधीची ओळीनं तीन वर्षं तो स्टेनमार्कनंच नेला होता. मग गुण मोजायचे नियम असे काही झाले की एकाच प्रकारात कितीही जिंका, ठरावीक निकालच धरणार. हे ऐकून आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "म्हणजे आपल्या आंब्यासारखंच. चांगला झाला की भाव पडतो."

आई तोपर्यंत नादी लागली होती. सुरुवातीला तिचा एकच प्रश्न असे, "एवढ्या थंडीत घरी बसवत नाही का रे यांना?" मग तिला फेऱ्यांची भानगड कळली. एकाच दिवशी दोनदा उतरायचं, दुसऱ्या फेरीला काठ्या नव्यानं लावलेल्या, आणि दोन्ही वेळांची बेरीज. 1980 च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये स्टेनमार्क जायंट स्लॅलमच्या पहिल्या फेरीनंतर तिसरा होता आणि स्लॅलमच्या पहिल्या फेरीनंतर चौथा. सुवर्णपदकं दोन्ही त्याचीच. "पहिल्या फेरीत अंदाज घेतो हो तो," आईनं निदान केलं. "घाई नाही पोराला." आणि त्याच्याआधीच्या सप्टेंबरात सरावात डाउनहिलच करताना हा पोरगा भयंकर आपटला होता, डोक्याला मार लागून बेशुद्ध पडला होता, हे सांगितल्यावर ती माझ्या मनगटाकडे पाहून नुसतंच "हं" म्हणाली. स्लॅलमला दुसरा आलेला अमेरिकन फिल मार तर घोट्यात धातूची पट्टी आणि स्क्रू घेऊन उतरला होता. तिची सगळी सहानुभूती त्याच्याकडे गेली. मला चहाही उशिरा मिळाला.

त्या काळी काठ्या बांबूच्या असत. बांबूला धडकलात तर तो तुम्हाला धडकायचा, म्हणून त्याला वळसा घालावा लागे, आणि वळसा घालण्यात स्टेनमार्कचा हात, खरं तर पाय, कोणी धरला नाही. स्कीच्या पट्टीला खाली पोलादी धार असते. पट्टी कलवून ती धार बर्फात रुतवली की पट्टी त्या चरातून वळते. घसरते, पण ठरवून घसरते. आमच्या विरीला हीच धार नव्हती. पुढे, ऐंशीच्या दशकात, बुडाशी मुडपणाऱ्या प्लास्टिकच्या काठ्या आल्या. पोरं त्या सरळ अंगावर घेऊन, हातानं आडव्या पाडत जाऊ लागली. वळशाची किंमत कमी झाली. स्टेनमार्क तरीही जिंकत राहिला, पण मला जुन्या बांबूतलाच तो आवडतो. नव्या शर्यतीत काठ्या फटाफट पडताना पाहून आई म्हणाली होती, "हे काय, शेवग्याच्या शेंगा पाडतायत होय?"

1984 च्या साराएव्हो ऑलिंपिकला त्याला उतरूच दिलं नाही. पैसे घेऊन खेळायचा परवाना त्याच्याकडे होता आणि ऑलिंपिकवाल्यांना तेव्हा हौशीच खेळाडू हवे होते. हल्ली कोणाला सांगितलं तर हसतील.

मुलाखतीत मात्र हा माणूस म्हणजे दगड. त्याच्या शर्यतीच्या वेळी स्वीडनमधल्या शाळांत वर्ग थांबवून टीव्ही लावत, एवढं वेड; आणि समोर माइक आला की याच्या तोंडून चार शब्द निघतील तर शपथ. कसं जमतं, या प्रश्नाला त्यानं आपल्या गावच्या बोलीत दिलेलं उत्तर स्वीडनमध्ये म्हणीसारखं झालंय. "दे बा ओ ओक." म्हणजे नुसतं उतरायचं. हे वाचलं तेव्हा मी झोपाळा थांबवला. खाली आगरात भाऊ सोललेले नारळ मोजत होते.

त्याचा 86 चा आकडा 34 वर्षं टिकला. 2023 च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या मिकेला शिफ्रिननं 87 वी शर्यत जिंकली, तीही स्वीडनमध्येच, ओरे इथे. निवृत्तीनंतर स्टेनमार्कनं काय केलं? 2015 मध्ये स्वीडनच्या टीव्हीवरच्या नाचाच्या स्पर्धेत उतरला आणि तीही जिंकला. आईला त्याचे नाच दाखवले. तिला ते शर्यतींपेक्षा बरे वाटले.

भाद्रपदाच्या तोंडावर प्लास्टर निघालं. "देवाला पाया पडून येऊ," आई म्हणाली. मी रिक्षानं वरच्या रस्त्यानं जायचं सुचवलं, पण नवस पाखाडीनं चढायचा होता, आणि तो तिनं माझ्या हातासाठी परस्पर बोलून ठेवला होता. चढताना काही झालं नाही. उतरताना मी पडलो होतो त्याच तीन पायऱ्या आल्या. हिरव्यागार, वरून पाणी झुळझुळतंय. मी अनवाणी, अंगठे रुतवून, कडेच्या गवताला धरून कसाबसा खाली आलो आणि मागे वळलो. आईनं लुगडं नीट आवरलं, सरळ पहिल्या पायरीवर बसली आणि बसल्या बसल्या दोन्ही हात टेकत एकेक पायरी खाली सरकू लागली. मी धरायला पुढे झालो तर तिनं हातानंच बाजूला केलं.

शेवटच्या पायरीवर पोचल्यावर उठली, मागचा चिखल झटकला आणि विचारलं, "किती लागला वेळ?"

मी घड्याळात पाहिलं. "पाच मिनिटं."

"पहिली फेरी आहे," ती म्हणाली आणि चालू लागली.