भडंगचं कार्ड

ताईला सुट्टी नव्हती म्हणून आज भाच्याला सांगलीत विश्रामबागला थेरपीला मी घेऊन गेलो, ऑटिझम आहे त्याला, अजून बोलत नाही. मॅडमनी भडंगचा डबा समोर ठेवला पण झाकण घट्ट, शेजारी भडंगच्या फोटोचं कार्ड. पोरानं आधी डबा आपटला, रडला, मग कार्ड उचलून मॅडमच्या हातात दिलं की लगेच घासभर भडंग, म्हणजे रडून नाही, कार्ड देऊन मागायचं. लगेच म्हणजे लगेच हां, उशीर झाला तर बक्षीस कशाचं ते पोराला कळत नाही म्हणे. रडण्याआधी काय झालं, रडल्यावर काय मिळालं, सगळं वहीत लिहितात. आमची आजी रडला की मोबाईल देते, म्हणजे रडायचं ट्रेनिंग घरी फुकटात चालूय 😄 आता पाण्याचं, बाथरूमचं कार्ड करायचंय, गणपती पेठेत लॅमिनेशन कुठं स्वस्तात होतं सांगा रे कुणीतरी.