पिन कुणाला माहीत?

समोरच्या पक्षाचे वकील कराराची छापील प्रत आणि चक्क भिंग घेऊन आले होते. शेवटच्या पानावर बोट ठेवून म्हणाले, "ही आमच्या साहेबांच्या वळणाची सहीच नाही." साहेब, म्हणजे त्यांचे संचालक, शेजारीच बसले होते. मागे अकाउंटंट.

मी हसू आवरलं. छापील कागदावर दिसतं ते नुसतं चित्र. डिजिटल सही असते फाइलच्या पोटात. लॅपटॉपवर मूळ पीडीएफ उघडून दाखवली. सही कुणाची ते सांगणारं सर्टिफिकेट संचालकांच्याच नावाचं, सहीच्या वेळी मुदतीत असलेलं. मजकुरातून जो हॅश, म्हणजे मजकुराचा जणू अंगठ्याचा ठसा, निघतो त्यावर सही होते. एसएचए-२५६ या पद्धतीने काढला असेल तर तो ६४ चिन्हांचा. दरातला एक स्वल्पविराम हलवला तरी हॅश साफ बदलतो. इथे तो तंतोतंत जुळत होता. 'मागाहून दर बदलले' हा त्यांचा दुसरा आरोप तिथेच मिटला. टाइमस्टँप होता दुपारी ३:१०चा.

"तीन दहाला मी विमानात होतो, फोन बंद," असं म्हणत संचालकांनी बोर्डिंग पास टेबलावर ठेवला.

माणूस खोटं बोलत नव्हता. मी विचारलं, "टोकन कुणाकडे असतं?" (टोकन म्हणजे सहीची गुप्त किल्ली ठेवलेलं, पेनड्राइव्हसारखं उपकरण. प्रश्न सुचला, कारण आमच्या साहेबांचं टोकन माझ्याच ड्रॉवरमध्ये असतं. अर्थात तिथे बोललो नाही.) टोकन अकाउंटंटच्या बॅगेतून निघालं.

"कोऱ्या फाइलवर एक सही करून दाखवा, सर्टिफिकेटचा अनुक्रमांक ताडून पाहू."

पिनची चौकट आली. संचालकांनी आकडे टाकले, चुकले. पुन्हा टाकले, पुन्हा चुकले. आणखी चुकले तर टोकन लॉक होणार. मग मान न वळवता ते हळूच म्हणाले, "काय रे, काय टाकतोस तू?"

वकिलांनी भिंग खिशात ठेवलं.

सही कुठल्या किल्लीने झाली हे गणित सांगतं. ती किल्ली कुणाच्या हातात होती, हे त्याला कळत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने २००१ साली केलेल्या नमुना कायद्यात सही विश्वासार्ह धरायला ही किल्ली सहीच्या वेळी फक्त सही करणाऱ्याच्याच ताब्यात हवी असं म्हटलंय. वकिलांनी लगेच तेच धरलं. पण किल्ली जपायची जबाबदारीही त्याच कायद्याने सही करणाऱ्यावर टाकलीय, आणि हे साहेब तर पिनसकट टोकन देऊन विमानात बसले होते. "आत्ताच्या आत्ता सर्टिफिकेट रद्द करतो!" असंही ते म्हणाले. जरूर करा म्हटलं, पण त्याने आधीच्या तारखेची सही पुसली जात नाही.

शेवटी मुदत थोडी वाढवून प्रकरण मिटलं. आठवड्याभरात पुरवणी करार आला, नव्या टोकनने सही केलेला. पाठोपाठ संचालकांचा फोन.

"बघितलंत का? मीच केलीय."

मी ड्रॉवर उघडून आमचं टोकन बाहेर काढलं आणि साहेबांच्या केबिनकडे निघालो.